वर्गातल्या स्लाइडसाठी हँडब्रेक: वर्षभराच्या वापरानंतर

स्लाइडवर व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसला, की पहिला प्रश्न येतो, ‘फाइल एमपी४ तर आहे, मग चालत का नाही?’ एमपी४ हा नुसता डबा. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीने, ठेवलंय, जुन्या एच.२६४ ने की नव्या एच.२६५ ने, यावर सगळं ठरतं. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयफोन ७ आणि त्यापुढचे आयफोन सहसा एच.२६५ मध्ये रेकॉर्डिंग करतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तो पर्याय असतो. विंडोजला त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं, आणि वर्गातल्या संगणकावर ते बहुधा नसतंच.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि जे दाबा, आतला कोडेक लगेच कळतो. चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी दिसलं तर फाइलला हात लावायची गरज नाही.

बाकी सगळ्या फाइलींसाठी हँडब्रेक, म्हणजे व्हिडिओचा कोडेक बदलून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि वर्षभर रोजच्या कामाला पुरून उरलं. ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, घ्या. वर्गातल्या साध्या प्रोजेक्टरला १०८० चा उपयोग नाही, फाइल मात्र फुगते. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ ठेवा, दहा बिटवाला नको. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ‘कॉन्स्टंट’ करा. फोनवरच्या चित्रीकरणात फ्रेमरेट कमी-जास्त होत असतो. तो तसाच ठेवला तर प्रयोगाच्या लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटत जातो. दर्जा ठरवणारा आकडा, म्हणजे आरएफ, २२ पुरेसा. ऑडिओत ‘पासथ्रू’, म्हणजे मूळ आवाज आहे तसाच, राहिलं आणि तो आवाज एसी३ या कोडेकचा असला, तर चित्र चालतं पण आवाज येत नाही. तिथे एएसी, स्टिरिओ, बिटरेट १२८ निवडा. हे एवढं सेटिंग स्वतःच्या नावाने प्रीसेट म्हणून जतन केलं, की पुढचं काम दोन क्लिकचं.

खटकणारी गोष्ट एकच. हँडब्रेक चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं. एमकेव्ही या एमपी४सारख्याच दुसऱ्या डब्यात आधीच एच.२६४ असेल तर हा वेळ फुकट जातो, थोडा दर्जाही घसरतो. तिथे लॉसलेसकट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून आउटपुट एमपी४ निवडा. डबा काही सेकंदांत बदलतो. हवा तेवढाच तुकडाही तिथेच कापता येतो. जुन्या लॅपटॉपला एन्कोडिंगचा घाम फुटतो, म्हणून फाइल रांगेत लावून रात्री चालू ठेवलेलं बरं.

वर्गातल्या संगणकावर कोडेक पॅक, म्हणजे अनेक कोडेकचा एकत्र संच, बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. दुसऱ्या वर्गात गेलात की तोच काळा चौकोन पुन्हा समोर. फाइल सुधारली तर ती जवळपास कुठेही चालते, पण स्लाइडमध्ये व्हिडिओ ‘इन्सर्ट’ करा, ‘लिंक टू फाइल’ नको. लिंक केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर सोबत येत नाही.

पॉवरपॉइंट २०१० असलेल्या संगणकांचा प्रश्न हँडब्रेक सोडवत नाही. त्या आवृत्तीला एमपी४साठी क्विकटाइम हा वेगळा प्लेअर लागतो, आणि तिला थेट चालणारा डब्ल्यूएमव्ही हा विंडोजचा प्रकार हँडब्रेक बनवत नाही. तिथे व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट/सेव्ह’मधला डब्ल्यूएमव्हीचा प्रोफाइल वापरा.