झाडीपट्टीच्या सपरीत डॅनिश सागवानी खुर्च्या

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या घरी दोन जुन्या डॅनिश खुर्च्या आणि एक स्टूल येऊन आता दोन उन्हाळे आणि एक पावसाळा झाला. पत्नीचे गुडघे दुखू लागल्यापासून तिला पाटावर बसून जेवणे कठीण झाले होते, आणि बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत तिची कंबर अवघडत असे. शोध घेता घेता मुंबईतल्या जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे पोहोचलो. दोन खुर्च्यांना 68,000 आणि स्टुलाला 14,000 रुपये मोजले, वाहतूक वेगळी. गावातल्या घरासाठी हा खर्च मोठा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, म्हणूनच अनुभव तपशिलाने लिहितो.

खुर्च्या डॅनिश आरेखनकार नील्स ओटो म्योलर यांनी 1951 मध्ये आखलेल्या ‘मॉडेल 71’ या आहेत. म्योलर यांनी 1944 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात आपला कारखाना सुरू केला. बैठकीच्या चौकटीखाली कारखान्याचा शिक्का आहे, आणि घेण्यापूर्वी खुर्ची उलटी करून तोच पाहिला. चौकट सागवानाची आहे, बैठक कागदाच्या दोरीने विणलेली आहे आणि पायांना खाली जोडणारी एकही आडवी पट्टी नाही. सगळा भार पाय आणि बैठकीची चौकट यांच्यातल्या सांध्यांवर पेलला जातो. मागचे पाय वर जाऊन पाठीच्या वक्र पट्टीत असे मिसळतात की जोड कुठे आहे हे बोटानेच शोधावे लागते. आमच्या गावच्या वाढईकाकांनी, म्हणजे सुतारांनी, खुर्ची आडवी करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “गुरुजी, सांध्यात एक खिळा नाही जी.” बंडीची चाके आणि दरवाजांच्या चौकटी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे हे प्रमाणपत्र मला शिक्क्याइतकेच मोलाचे वाटते.

या कारागिरीमागे एक परंपरा आहे. कोपनहेगनच्या राजेशाही कला अकादमीत 1924 मध्ये कारे क्लिंट यांच्या हाताखाली फर्निचरचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. माणसाच्या शरीराची आणि घरातल्या वस्तूंची मापे घेऊन मगच लाकडाला हात लावायचा, ही शिस्त तिथे रुजली. 1927 ते 1966 या काळात कोपनहेगनच्या सुतारसंघाची प्रदर्शने दरवर्षी भरत आणि त्यांत आरेखनकार आणि सुतार जोडीने काम मांडत. नामवंत आरेखनकार हान्स वेग्नर तर चांभाराचा मुलगा, लहानपणीच सुतारकामाला लागलेला. या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती बोर्गे मोगेन्सेन यांची 1947 ची ‘जे 39’ ही खुर्ची, कारण ती डेन्मार्कच्या सहकारी ग्राहक संस्थेसाठी, साध्या कुटुंबांना परवडावी म्हणून केली होती. तिच्या जुन्या प्रती आज आपल्याकडे ज्या भावाने विकल्या जातात, तो भाव तिच्या मूळ हेतूशी विसंगत आहे, हे मनाला लागते.

आता बसण्याविषयी. बैठकीची उंची माझ्या टेपने 44 सेंटिमीटर भरली, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात. पाठ ठेंगणी आहे, ती फक्त कमरेच्या वरच्या भागाला आधार देते, पण नेमका तिथेच देते. पत्नी आता तास-दीड तास तांदूळ निवडत बसते आणि उठताना कण्हत नाही. खुर्ची हलकी असल्यामुळे ती स्वतःच एका हाताने माजघरातून सपरीत, म्हणजे ओसरीत, नेते. मात्र या नमुन्याला हात नाहीत. उठताना दोन्ही बाजूंना टेकू लागणाऱ्या फार वयस्कर माणसासाठी हात असलेला नमुनाच घ्यावा.

आपल्या हवामानात या खुर्च्यांची खरी परीक्षा बैठकीला होते. ही दोरी जाड कागदाला पीळ देऊन, तिपदरी करून बनवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बैठका विणायच्या समुद्री गवताची टंचाई झाली, तेव्हा डेन्मार्कमध्ये तिचा वापर वाढला, आणि मजबुतीमुळे तो पुढेही टिकला. वेग्नर यांच्या 1949 च्या, पाठीत इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार असलेल्या वाय-खुर्चीच्या एका बैठकीला सुमारे 120 मीटर दोरी लागते, यावरून विणीचा घट्टपणा लक्षात यावा. अंबाडीच्या सुतळीची बाज सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून ती पुन्हा ताठ करता येते. या खुर्चीत तशी सोय नाही. बैठक एकदा झोळली की पूर्ण उसवून नव्यानेच विणावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात मी एक खुर्ची कुलरच्या समोर ठेवली होती. रोजच्या दमट झोताने तिची दोरी फुगली, आणि वर लोक बसत राहिल्याने मे अखेरीस बैठक मधोमध स्पष्ट खाली गेली. भिंतीलगत ठेवलेली दुसरी खुर्ची तशीच ताठ राहिली. कुलर असलेल्या घरात ही खुर्ची त्याच्या झोताबाहेर ठेवावी, पावसाळ्यात ओलसर भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, आणि वरण सांडले तर घट्ट पिळलेल्या फडक्याने लगेच टिपून वाऱ्यावर वाळू द्यावे. घासू नये, घासल्याने दोरीला तूस सुटते.

लाकडाने मला फारसा त्रास दिला नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेने आकसणे आणि श्रावणात फुगणे हे सागवानही करते, पण इतर अनेक लाकडांपेक्षा कमी, आणि पक्क्या गाभ्याच्या सागवानाला वाळवी सहसा लागत नाही. आलापल्लीचे जंगल आणि बल्लारपूरचा लाकूड डेपो ज्या जिल्ह्यांत आहेत, तिथल्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. एका खुर्चीच्या मागच्या पायाचा सांधा मात्र दुसऱ्या एप्रिलमध्ये हलू लागला. वाढईकाकांनी तो ठोकून बसवण्याऐवजी अलगद उघडला, आतला वाळून ठिसूळ झालेला जुना डिंक पटाशीने खरवडला, नवा पांढरा डिंक लावला आणि शिकंज्याऐवजी दोरीत काठी घालून, बंडीवरचे ओझे आवळतात तसा पीळ देऊन रात्रभर ठेवला. सांधा पुन्हा हललेला नाही. अशी खुर्ची खेड्यात दुरुस्त होऊ शकते, फक्त कुणाला सांध्यात खिळा ठोकू देऊ नये.

तेल वर्षातून एकदा पुरते. जवस आपल्याकडे पिकतो म्हणून घाण्याचे खाण्याचे तेल लावण्याचा मोह होतो, पण ते फार हळू वाळते आणि पृष्ठभाग चिकट राहून धूळ धरतो. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल पातळ लावून अर्ध्या तासाने पूर्ण पुसून काढावे. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते वाळताना स्वतःच तापून पेट घेऊ शकते. ते अंगणात मोकळे पसरून वाळवावे, आमच्या मे महिन्यात तर हे विसरूच नये.

स्टुलाबद्दल मी समाधानी नाही. व्यापाऱ्याने ते डॅनिश सागवान म्हणून दिले, पण त्यावर कोणतीही खूण नाही, आणि वाढईकाकांनी चौकटीची आतली बाजू जरा खरवडताच रंगाखालून पांढुरके लाकूड निघाले. डेन्मार्कमध्ये बीचसारख्या फिकट लाकडाच्याही उत्तम खुर्च्या झाल्या आहेत, त्यामुळे पांढरे लाकूड हा दोष नव्हे. सागवानाचा भाव घेऊन दुसरे लाकूड देणे हा दोष आहे. चौकटीची आतली बाजू, सांधे आणि खालचा शिक्का हे दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खुर्च्या उलट्या करून पाहिल्या, पण स्टुलाच्या बाबतीत छायाचित्रांवर विसंबून मी ही चूक केली. शिसवीच्या जुन्या खुर्च्यांपासूनही दूर राहिलेले बरे, कारण ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक निर्बंध आहेत आणि कागदपत्रे दाखवणारा विक्रेता विरळाच.

घरात रोज वापरणार असाल, जवळ जाणता वाढई असेल आणि बैठकीची निगा राखण्याची तयारी असेल, तर या खुर्च्या मी मनापासून सुचवीन. स्टूल हवे असेल तर गावातच सागवानी तिवई करून घ्यावी. झोळलेल्या बैठकीसाठी मी कागदी दोरीचे एक रीळ कुरिअरने मागवले आहे. आमच्या वस्तीत बाज विणणारे एक आजोबा आहेत, त्यांनी चांगल्या खुर्चीची वीण खालून-वरून दोनदा तपासली आणि धानाची कापणी आटोपली की बसू, असे सांगून दोरीचा एक तुकडा हात बसवायला सोबत नेला.