स्कोर्सवर तक्रार करावी की थेट स्मार्ट ओडीआरला जावं?

ब्रोकर पेआउट (खात्यातले तुमचे पैसे) सोडत नाही, लाभांश खात्यात आला नाही, वडिलांचे शेअर वारसांच्या नावावर चढत नाहीत, न विचारता ऑप्शनचे सौदे झाले. या चारही तक्रारी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या व्यवस्थेतच जातात, पण दार एक नाही: स्कोर्स हे सेबीचं तक्रार पोर्टल, तर स्मार्ट ओडीआर हे वाद ऑनलाइन मिटवण्याचं पोर्टल. दार निवडण्याआधी एवढंच बघा: काम अडलंय, की रकमेवर वाद आहे?

काम अडलं असेल तर स्कोर्स. समोरच्याला जे करणं बंधनकारकच आहे आणि तो करत नाही, तिथे हे पोर्टल चांगलं चालतं. मात्र आधी कंपनीला, रजिस्ट्रारला (कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) किंवा ब्रोकरला ईमेल करून तो पुरावा हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की ती थेट संबंधित संस्थेकडे जाते आणि तिला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर 15 दिवसांच्या आत पहिला फेरआढावा मागायचा. तो एक्सचेंज (शेअर बाजार) किंवा डिपॉझिटरी (डिमॅट शेअर सांभाळणारी संस्था) यांसारखी संस्था करते. दुसरा फेरआढावा सेबी स्वतः करते. हे 15 दिवस चुकले की तक्रार बंद होते, आणि बरेच लोक इथेच घसरतात. दुसरी अट एक वर्षाची: घटनेला वर्ष उलटलं असेल तर स्कोर्स तक्रार घेत नाही.

स्कोर्सवर निवाडा मात्र मिळत नाही. ‘सौदे तुमच्या संमतीनेच झाले’ असं ब्रोकरने लिहून दिलं आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर खरं-खोटं करून भरपाई ठरवणं हे सेबीचं काम नव्हे. तिथून पुढे स्मार्ट ओडीआर.

2023 मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर आधी एक्सचेंज किंवा डिपॉझिटरी 21 दिवसांत प्रकरण मिटतं का ते बघते. मग सलोखा, म्हणजे मध्यस्थाच्या मदतीने तडजोड, त्यालाही 21 दिवस. दोन्ही बाजू तयार असतील तर आणखी 10. तोही फसला तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा त्रयस्थ. दावा 1 लाखाच्या आत असेल तर निर्णय सहसा कागदपत्रांवरच होतो, 30 लाखांपर्यंत एकच लवाद असतो आणि दावा त्याहून मोठा असेल तर तिघांचं मंडळ. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण लवादाचं शुल्क दाव्याच्या रकमेप्रमाणे वाढतं. म्हणून 3 हजारांच्या ब्रोकरेजसाठी (ब्रोकरच्या दलालीसाठी) लवादापर्यंत जाणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आता न विचारता झालेल्या सौद्यांचं प्रकरण जवळून बघू. ‘ब्रोकरने फसवलं, न्याय मिळावा’ एवढ्यावर काही हलत नाही. सौद्याची तारीख, सेगमेंट (शेअर की ऑप्शन), काँट्रॅक्ट नोटचा (सौद्यानंतर ब्रोकर पाठवतो त्या पावतीचा) क्रमांक, लेजरमधली (ब्रोकरकडच्या खातेवहीतली) डेबिटची ओळ, एक्सचेंजकडून आलेला एसएमएस आणि शेवटी नेमकी मागणी: ‘85,000 रुपये परत’. त्याच मेलमध्ये ऑर्डरच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा, कारण ऑर्डर तुम्हीच दिली हे दाखवण्याची जबाबदारी ब्रोकरवर असते. तुमची बाजू सर्वात जास्त कमकुवत होते ती गप्प राहिल्याने. दोन-तीन महिने रोज काँट्रॅक्ट नोट मेलवर येत होत्या आणि तुम्ही हूं की चूं केलं नाही, तर लवाद पहिला प्रश्न तोच विचारणार. मेल उघडायचा कंटाळा महागात पडतो तो असा.

दोन्हीकडे एकदम तक्रार टाकू नका. स्कोर्सवर तक्रार चालू असताना ओडीआरला गेलात तर स्कोर्सची तक्रार निकालात निघाली असं धरलं जातं, आणि प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तर ओडीआर ते घेत नाही. उलट, ब्रोकरने ईमेलवरच साफ नकार दिला असेल आणि वाद रकमेचा असेल, तर स्कोर्सचा फेरा न घालता थेट ओडीआरला जाता येतं.

काही प्रकरणांत दोन्ही पोर्टल कामाची नाहीत. सलग 7 वर्षं न घेतलेला लाभांश आयईपीएफकडे (दावा न झालेले पैसे जमा होणारा सरकारी निधी) गेला असेल तर तिथे आयईपीएफ-5 फॉर्म भरायचा. टेलिग्रामवरच्या बनावट ट्रेडिंग ॲपने पैसे नेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लवादाचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि ब्रोकरला कोर्टात जायचं असेल, तर 7 दिवसांत तसं कळवून त्याला निवाड्याच्या रकमेच्या 75 टक्के आधी जमा करावे लागतात.