नेट सारखं जातं: दुसरी लाइन घ्यावी, मोबाइलवर भागवावं की उपग्रहाकडे वळावं?

नेट पूर्ण बंद पडलेलं एक वेळ परवडतं, येत-जात राहिलेलं नाही. बंद असलं की माणूस निमूट दुसरं काम काढतो. येत-जात असलं की अर्धा दिवस राउटरचे दिवे बघण्यात जातो. मग कंटाळून दुसरी लाइन घेतली जाते. मीही घेतली होती, वेगळ्या कंपनीची. महिनाभरात रस्ता खणताना दोन्ही वायरी एकाच खड्ड्यात तुटल्या. कंपन्या दोन होत्या, पण वाट एकच, हे मी घेताना विचारलंच नव्हतं.

म्हणून पर्याय निवडण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. नेट कधी गेलं, तेव्हा वीज होती का, कुठला दिवा लाल होता, एवढंच लिहा. संगणकावर दोन ठिकाणी पिंग (समोरून उत्तर येतंय का ते विचारणारी छोटी आज्ञा) चालू ठेवा: एक राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरं ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा) पत्त्यावर. राउटरकडूनच उत्तर अडखळत असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे आणि खाली लिहिलेलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. राउटर कपाटातून बाहेर काढा किंवा संगणकाला सरळ वायर जोडा. राउटर नीट उत्तर देतोय, पण बाहेरचं पिंग तुटतंय, तर लाइन खराब. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, राउटर दहादा बंद-चालू केलात तरी उपयोग नाही, तक्रारच करावी लागेल.

वहीत बहुतेक नोंदी ‘लाइट गेली होती’ अशा निघाल्या तर सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्यासाठी आहे: राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी. घरगुती फायबरचं जाळं बहुधा असं असतं की कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत वाटेत कुठे वीज लागत नाही, त्यामुळे घरातला डबा आणि राउटर जागे राहिले की नेटही बहुधा जागं राहतं. दोन्ही मिळून साधारण १० ते १५ वॅट खातात. ३.७ व्होल्टच्या ८,००० एमएएच बॅटरीत सुमारे ३० वॅट-तास असतात, म्हणजे कागदावर दोन-तीन तास आणि प्रत्यक्षात थोडे कमी. घेताना व्होल्टेज आणि पिन राउटरशी जुळते का ते बघा. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या नेटला मात्र हा उपाय अर्धवटच लागू पडतो. तिथे वाटेतल्या ॲम्प्लिफायरनाही वीज लागते.

लाइनच खराब असेल तर खरी निवड दुसरी लाइन की मोबाइल, ही आहे. हिशेब सोपा आहे. ९९ टक्के वेळ चालणारी लाइन वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद असते. तशाच दोन लाइनी, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या, एकाच वेळी बंद पडायचा योग वर्षाला तासाभराहूनही कमी येतो. पण सगळी मेख ‘काही संबंध नसलेल्या’ या शब्दांत आहे. खांब एक, खड्डा एक, इमारतीतली पेटी एक, तर हा हिशेब कोलमडतो. लाइन जोडायला येणाऱ्या माणसाला वायर कुठून येते ते दाखवायला सांगा. जाहिरातीतल्या वेगापेक्षा ती माहिती जास्त कामाची.

मोबाइल या बाबतीत उजवा, कारण शेवटचा टप्पा हवेतून येतो. त्याची दुखणी वेगळी. परिसरातलं नेट गेलं की सगळेच हॉटस्पॉट लावतात आणि टॉवर गुदमरतो. टॉवरची बॅटरीही कायम पुरत नाही. डेटाचं म्हणाल तर व्हिडिओ कॉल दोन्ही दिशांना दीड एमबीपीएसने चालला तर तासाला १.३५ जीबी जातो. नुसता आवाज ठेवलात तर बहुधा शंभर एमबीच्या आत भागतं. शिवाय मोबाइल नेटवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे घरातला संगणक बाहेरून थेट गाठायचा असेल तर अडचण येते.

फोनचा हॉटस्पॉट की वेगळा सिमचा राउटर? महिन्यातून दोनदा गरज पडत असेल तर फोन पुरे. आठवड्यातून दोनदा असेल तर वेगळा राउटर घ्याच. फोन तापतो, बॅटरी संपते आणि फोनचा मालक घराबाहेर पडला की मागे राहिलेल्यांचं नेटही त्याच्या खिशातून निघून जातं. सिमचा राउटर खिडकीपाशी, जिथे रेंज चांगली तिथे, कायमचा ठेवता येतो.

उपग्रहाचं थोडक्यात. वायरही नाही आणि रेंजही नाही, तर हाच पर्याय. नाहीतर घाई नको. जुन्या पद्धतीचे भूस्थिर (जमिनीवरून एकाच जागी दिसणारे) उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून जाऊन-येऊन उत्तर मिळायला जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि बोलताना माणसं एकमेकांवर आदळत राहतात. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे स्टारलिंकसारखे उपग्रह यात कितीतरी बरे. पण डिशला मोकळं आकाश हवं, मधे झाड आलं की तुटतं, मुसळधार पावसात सिग्नल मंदावतो, आणि डिशची भूक इतकी की राउटरचा छोटा यूपीएस तिच्यापुढे टिकत नाही.

माझं विचाराल तर घरून रोज काम करणाऱ्याने यूपीएस आणि सिमचा राउटर घ्यावा. दुसरी वायर त्याने घ्यावी ज्याचं नेट तासभर गेलं तर पैसे बुडतात, आणि तीही वाट वेगळी असल्याची खात्री करूनच. फक्त मेल आणि वाचनापुरतं नेट लागत असेल तर कशावरही खर्च करू नका. मेल संगणकावर उतरवून ठेवा, फाइली आधीच घेऊन ठेवा. पाठवलेलं पत्र नेट आल्यावर आपोआप जाईल.

दोन जोडण्या घेतल्यात तर आपोआप बदली करणारा, ड्युअल वॅनचा (बाहेरच्या दोन जोडण्या लावता येणारा) राउटर लागेल. चालू कॉल त्यानेही तुटतो, कारण तुमचा नेटवरचा पत्ता बदलतो. फक्त तो काही सेकंदांत पुन्हा जोडता येतो. इथे एक फसगत ठरलेली. पुष्कळ राउटर फक्त वायरीत जीव आहे का तेवढंच बघतात, पुढे नेट वाहतंय का ते नाही. राउटरची वायर उपसून चाचणी केलीत तर बदली झोकात होते आणि आपण खूश. खरा बिघाड पुढे दोन किलोमीटरवर होतो तेव्हा वायरीचा दिवा हिरवाच राहतो आणि राउटर मेलेल्या लाइनला चिकटून बसतो. म्हणून सेटिंगमध्ये बाहेरच्या पत्त्यावर पिंग करून तपासायची सोय चालू करा, आणि चाचणी घेताना राउटरची वायर तशीच ठेवून फायबरच्या डब्यात बाहेरून येणारी जोडणी काढा. काढलेल्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक ठरू शकतो.