८ महिन्यांनंतर: १५ केव्हीएचा जनरेटर सेट चांगला आहे, पण बॅटरी चार्जरला सप्लाय कुठून दिलाय ते आधी बघा

सेट बसवून ८ महिने झाले, मीटरवर ६१ तास पडलेत. लिहायचं कधीपासून मनात होतं पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर आता बसलोच लिहायला. १५ केव्हीए, थ्री फेज, डिझेल, सायलेंट कॅनोपी आणि सोबत ऑटो पॅनेल, म्हणजे लाईट गेली की आपोआप चालू, आली की आपोआप बंद. बाकीचं ब्रोशरमध्ये असतंच, ते परत लिहीत नाही. खाली बायकोची पॅथॉलॉजी लॅब, वर आम्ही आणि आई. लॅबचे रिएजंट २ ते ८ डिग्रीत ठेवावे लागतात, सेट घेतला तो त्या फ्रिजसाठी. घराला लाईट मिळते तो वरचा फायदा.

तर रात्री पावणेदोनला लाईट गेली. मला सवय लागलीय, पडल्या पडल्या आकडे मोजतो, सात-आठला खालून इंजिनचा आवाज येतो आणि पंखा परत फिरायला लागतो. त्या रात्री वीस झाले, तीस झाले, पंखा थांबला तो थांबलाच. खाली गेलो तर सेटमधून नुसतं टक टक टक टक. डिस्प्लेवर बॅटरी ११.४ व्होल्ट, आणि सेल्फ मारला की डिस्प्लेच विझायचा, परत पेटायचा. तीनदा प्रयत्न करून पॅनेलने फेल टू स्टार्टचा अलार्म दिला आणि बंद. एवढं मोठं इंजिन, ऑइल भरलेलं, टाकी भरलेली, आणि एका उतरलेल्या बॅटरीपायी काही उपयोग नाही.

फ्रिजमधलं तापमान चढत होतं म्हणून एका मित्राला उठवलं, तो त्याचा छोटा पेट्रोलचा जनरेटर घेऊन आला. तेव्हा शेजारून एक सल्ला आला की याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये घाला, सगळी लाईट येईल. मी नाही म्हटलं आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं. असं केलं की करंट मीटरमधून उलटा बाहेर लाईनवर जातो, ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतोच, २३० चे तिकडे हजारो व्होल्ट होतात आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. आपल्या ऑटो पॅनेलमध्ये दोन कॉन्टॅक्टरना (सप्लाय आपोआप जोडणारे-तोडणारे स्विच) इंटरलॉक असतो तो याचसाठी, मेन आणि जनरेटर एका वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. मित्राचा जनरेटर मोकळ्या जागेत खिडक्यांपासून लांब ठेवला, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, झोपेत माणूस जातो. तिथून एक्स्टेन्शन टाकून फक्त फ्रिज चालवला. तरी मधल्या वेळात एक फ्रिज ११ डिग्रीवर गेला होता, त्यातले दोन किट बायकोने टाकून दिले. रिपोर्ट चुकण्यापेक्षा किट गेलेलं परवडलं, हे तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

सकाळी सर्व्हिसवाल्याला फोन. दुपारी मुलगा आला, जंप केबल लावली, सेट एका सेल्फमध्ये चालू. "सर बॅटरी गेली, नवीन घ्या, बॅटरी वॉरंटीत येत नाही." मी विचारलं ८ महिन्यांत बॅटरी कशी जाते? तर म्हणे होतं असं. मी सही केली नाही. पैसे वाचवायचे म्हणून नव्हे फक्त (तेही होतंच), पण जी गोष्ट का गेली ते कळलं नाही ती नवीन आणून परत तिथेच बसवायची हे मला पटत नाही.

मग मीच मल्टिमीटर घेऊन बसलो. आता हे नीट वाचा, बहुतेकांनी हे कधी बघितलेलं नसतं. लाईट असताना आणि सेट बंद असताना बॅटरीवर चार्जर चालू असायला हवा, टर्मिनलवर साधारण १३.५ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे १२.१. म्हणजे चार्जिंग होतच नाहीये. पॅनेलमधल्या चार्जरचा हिरवा दिवा बंद. सेट चालू केला, दिवा लागला. सेट बंद केला, दिवा गेला. मेन सप्लाय चालूच आहे आणि दिवा बंद. वायर शोधत गेलो तर चार्जरचा इनपुट जनरेटरच्या बाजूच्या टर्मिनलवरून घेतलेला. म्हणजे चार्जर फक्त जनरेटर चालू असताना चालणार, आणि तेव्हा तर इंजिनचा स्वतःचा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतच असतो! चार्जरची खरी गरज सेट बंद असतानाची, आणि नेमका तेव्हाच तो मेलेला. बसवून दिला त्या दिवशी डेमोत सेट चालवून दाखवला होता, हिरवा दिवा सगळ्यांनी बघितला, मीही बघितला, मान डोलावली. सेट बंद असताना तो दिवा बघायचा असतो हे कोणी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

मग पहिले सात महिने कसं चाललं? तेव्हा लाईट वरचेवर जायची, दर दोन-तीन दिवसांनी सेट चालायचा, बॅटरी इंजिनवर चार्ज व्हायची. नंतर लाईट सुधारली आणि सलग २३ दिवस गेलीच नाही. कंट्रोलर, रिले, दिवे हे सगळं बॅटरीवर २४ तास चालू असतं. मीटर सिरीजमध्ये लावून बघितलं तर १२५ मिलिअँपिअर. आकडा छोटा वाटतो, पण दिवसाला ३ अँपिअर-अवर होतात, २३ दिवसांचे ६९, आणि बॅटरी ८८ ची. हिशोब कागदावर मांडला तेव्हा मला खरंच राग आला, कारण यात नशिबाचा काही भाग नव्हता, हे होणारच होतं. वर लो बॅटरीचा अलार्म ११ व्होल्टला सेट केलेला, १२ व्होल्टची बॅटरी ११ वर आली म्हणजे संपलेलीच असते, मग तो अलार्म काय कामाचा? आता १२.२ केलाय.

एक गोष्ट माझ्या बाजूचीही आहे, ती लपवत नाही. पॅनेलमध्ये आठवड्याला एकदा सेट आपोआप चालवून बघायची सोय असते, ती मीच बंद करायला लावली होती. लाईट असताना डिझेल कशाला जाळायचं हा विचार. ती चालू असती तर सेट एखाद्या शनिवारी सकाळी अडकला असता, रात्री पावणेदोनला नाही. पण चार्जरची वायर चुकीची ती चुकीचीच.

व्हिडिओ काढला, मेन चालू आणि मीटर १२.१, सेट चालू आणि मीटर १४.१, दिवा लागतोय जातोय, सगळं एका शॉटमध्ये, आणि ज्यांनी बसवून दिलं त्यांना पाठवला. आधी "आमची वायरिंग चेक करूनच देतो", मग दोन दिवस उत्तर नाही, मग इंजिनवाल्यांकडे बोट, इंजिनवाल्यांचं बॅटरी कंपनीकडे बोट. मी रोज सकाळी एकच मेसेज टाकायचो, की तुमच्याच ड्रॉइंगमध्ये चार्जरचा इनपुट कुठून दाखवलाय ते सांगा. ड्रॉइंगमध्ये मेनवरून दाखवला होता. सहाव्या दिवशी सुपरवायझर आला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आता पुढचं दहा दिवसांनी लिहितोय, आणि मत थोडं बदललंय. सुपरवायझर भला माणूस निघाला. वायर बघितली आणि सरळ "चूक आमची आहे" म्हणाला, हे वाक्य मी सहा दिवस ऐकायला बसलो होतो. चार्जर त्याने कॉन्टॅक्टरच्या पुढे, लोडच्या बाजूला जोडला, वेगळा फ्यूज देऊन, म्हणजे मेन असो की जनरेटर, सप्लाय मिळतोच. बॅटरी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. एकदा पूर्ण उतरलेली लेड अॅसिड बॅटरी परत चार्ज झाली तरी पहिल्यासारखी राहत नाही हे तोच म्हणाला. तेव्हा वरती जे लिहिलंय ते तसंच ठेवतो, पण माणसाबद्दल तक्रार नाही. पद्धतीबद्दल आहे, बसवून देताना मेनवर चार्जर चेक करायला एक मिनिट लागतं.

त्यानेच सायलेन्सरच्या पाइपाखाली काळे तेलकट थेंब दाखवले. मला वाटायचं ऑइल गळतंय. ते अर्धवट जळलेलं डिझेल. रात्री सेट चालतो तेव्हा फ्रिज, पंखे, दोन-चार दिवे, जेमतेम दीड किलोवॉट लोड, आणि सेट १५ केव्हीएचा म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने १२ किलोवॉटचा. इतक्या कमी लोडवर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि तेल एक्झॉस्टमध्ये साचतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. घेताना मीच मोठा सेट मागितला होता, पुढेमागे कमी पडू नये म्हणून. पंप आणि एसीची मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट ओढते त्यासाठी जागा हवी हे खरं, पण सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) लावून १० केव्हीएमध्ये भागलं असतं असं आता वाटतं. नवीन घेणाऱ्यांनी आधी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) आठवडाभर लोड मोजा, अंदाजाने घेऊ नका.

त्यामुळे टेस्टिंगचंही बदललं. आठवड्याला बिनलोडचं चालवणं म्हणजे हीच काजळी वाढवणं. एनएफपीए ११० हे इमर्जन्सी पॉवरचं अमेरिकेतलं स्टँडर्ड आहे, त्यात महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चालवायला सांगितलंय. आमच्या सेटला म्हणजे ३.६ किलोवॉट. मी मेनचा एमसीबी पाडतो, खरी लाईट गेल्यासारखं, म्हणजे पॅनेल, चेंजओव्हर, सेल्फ सगळ्याचीच परीक्षा होते, आणि दोन्ही गीझर आणि वरचा एसी लावतो. डिझेल जातं लिटरभर. महिन्याला लिटरभर डिझेल वाचवायला मी ती सोय बंद केली होती आणि दोन किट गेले, हा हिशोब मला अजून टोचतो. आठवड्याला आता फक्त पाच मिनिटं चालवतो, तेही मी घरी असताना.

बाकीचं पटापट. थ्री फेज सेटमध्ये एका फेजला तिसराच हिस्सा मिळतो, १५ केव्हीएला फेजमागे साधारण २१ अँपिअर. इलेक्ट्रिशियनने लॅबचा सगळा लोड एकाच फेजवर टाकला होता, त्यामुळे पहिल्याच महिन्यात सेट अर्धा रिकामा असताना ब्रेकर पडला. फेज वाटून घेतल्यावर परत कधी पडला नाही. लॅबच्या अॅनालायझरला यूपीएस ठेवावाच लागतो, कितीही चांगला सेट असला तरी मधले सात-आठ सेकंद कोणीतरी धरायला हवेत. पहिलं ऑइल ५० तासांना बदललं, पुढचं २५० तास किंवा वर्ष यातलं आधी येईल ते, आणि आमच्यासारख्यांचं वर्षच आधी येणार, तेव्हा तास झाले नाहीत म्हणून पुढे ढकलू नका. डिझेल तासाला पावणेदोन ते दोन लिटर जातं, चार-पाच किलोवॉटवर. टाकी निम्मी रिकामी ठेवली तर आत ओल धरते, पाणी साचतं, म्हणून भरलेलीच ठेवतो.

प्लेटवर ईएसपी लिहिलंय का पीआरपी तेही वाचून घ्या. आयएसओ ८५२८ प्रमाणे ईएसपी म्हणजे निव्वळ स्टँडबाय, वर्षाला २०० तासांपर्यंत. ज्यांच्याकडे रोज चार-चार तास लाईट जाते त्यांनी ईएसपीचा आकडा बघून सेट घेऊ नये, पीआरपीचा (प्राइम, म्हणजे नेहमीच्या वापराचा) आकडा बघावा, तो कमी असतो. आमचं ६१ तासांत भागतंय.

इंजिनबद्दल मात्र एकही तक्रार नाही, मनापासून सांगतो. आवाज इतका कमी की आई खिडकी उघडी ठेवून झोपते. लाईट आली की तो लगेच बंद होत नाही, लोड मेनवर देऊन तीन मिनिटं रिकामा चालत राहतो, इंजिन थंड व्हावं म्हणून. सुरुवातीला ते डिझेलही मला वाया वाटायचं. आता नाही वाटत.

पॅनेलच्या दाराला आतून एक वही बांधलीय. दर रविवारी, लाईट असताना, सेट बंद असताना, बॅटरीचे व्होल्ट. गेले दोन रविवार १३.५, १३.५. ज्यांच्याकडे ऑटो सेट आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एवढं बघा, हिरवा दिवा सेट बंद असताना लागलाय का. नसेल तर खाली लिहा, वायर कुठून कुठे न्यायची त्याचा फोटो टाकतो, पण हात लावायच्या आधी सेट ऑटोवरून काढून ऑफवर टाका आणि मगच मेन पाडा, नाहीतर तुम्ही आत हात घातलेला असताना तो सेल्फ मारेल.