बिटवॉर्डन : तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

तीन वर्षांपूर्वी खरेदीच्या एका संकेतस्थळावरून माझा पासवर्ड फुटला, आणि तोच पासवर्ड ई-मेललाही ठेवलेला असल्यामुळे काही दिवसांतच कोणी परके माझ्या ई-मेलमध्ये शिरले. ते खाते परत मिळवण्यात माझा आठवडा गेला. त्यानंतर मी बिटवॉर्डन हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घेतला, आणि आज त्यात माझी व आईची मिळून दीडशेच्या वर खाती आहेत.

बिटवॉर्डन २०१६ पासून उपलब्ध आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्या सूचनांनी लिहिला आहे तो मजकूर, सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे, आणि मोफत आवृत्तीत पासवर्डच्या संख्येवर किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. माझ्यासाठी हीच बाब निर्णायक ठरली, कारण फोनवर बदललेला पासवर्ड घरच्या लॅपटॉपवर लगेच दिसला नाही तर माणूस पुन्हा वहीकडे वळतो.

सगळी माहिती आपल्या उपकरणावरच एईएस-२५६ या माहिती सांकेतिक रूपात बदलणाऱ्या पद्धतीने कुलूपबंद होते आणि मगच कंपनीच्या सर्व्हरवर जाते. मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सारे पासवर्ड उघडणारा आणि आपण लक्षात ठेवायचा एकच पासवर्ड, कंपनीकडे कधीच पोहोचत नाही. या मास्टर पासवर्डपासून किल्ली तयार करताना तीच गणिती क्रिया मूळ सेटिंगनुसार ६ लाख वेळा केली जाते, त्यामुळे चोराला प्रत्येक अंदाज महागात पडतो. अर्थात मास्टर पासवर्डच कच्चा असेल तर या साऱ्याचा उपयोग मर्यादित राहतो. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच सेवेतून ग्राहकांचे पासवर्ड साठवलेल्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांचा मास्टर पासवर्ड सोपा होता त्यांना सर्वाधिक धोका होता.

म्हणून सर्वांत जास्त वेळ मी त्या एका पासवर्डवर घालवला. पासवर्ड म्हणून वापरण्यासाठी बिटवॉर्डन शब्दांची साखळीही तयार करून देतो. त्यासाठीच्या यादीत ७,७७६ शब्द आहेत, म्हणजे पाच फासे टाकून जितकी दाने पडू शकतात तितके, आणि साखळीत प्रत्येक शब्द वाढला की चोराचे काम ७,७७६ पटींनी वाढते. मात्र ते शब्द इंग्रजी असल्याने आईच्या लक्षात राहीनात. अखेर आम्ही मराठी शब्दकोश घेतला, पानाचा क्रमांक आणि पानावरील शब्द दोन्ही फासे टाकूनच ठरवले, आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले सहा शब्द निवडले. अभंगाची ओळ किंवा म्हण घेण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळला, कारण जे सर्वांना पाठ असते ते चोरालाही सुचते. शब्द रोमन अक्षरांत लिहिले, कारण देवनागरी कळफलक प्रत्येक उपकरणावर मिळेलच असे नाही. दीर्घ ईकार कसा लिहायचा हेही तेव्हाच ठरवून टाकले, नाहीतर आपल्याच कुलपाबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

रोजच्या वापरात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. वीजबिल थकल्याचा बनावट संदेश आईला आला होता आणि त्यातील दुव्यावरचे पान हुबेहूब खऱ्यासारखे होते, पण पत्ता वेगळा असल्यामुळे बिटवॉर्डनने तेथे पासवर्ड सुचवलाच नाही. आई तेवढ्यावर थांबली आणि तिने मला फोन केला.

काही ठिकाणी मात्र हा प्रोग्राम हतबल ठरतो. माझ्या एका बँकेच्या पानावर पासवर्ड पेस्ट करता येत नाही आणि तो दर काही महिन्यांनी बदलावाही लागतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचे मार्गदर्शन या दोन्ही सक्तींच्या विरोधात आहे, आणि सक्तीने बदललेला पासवर्ड बहुधा जुन्याच्या शेवटी एक आकडा वाढवून केलेला असतो हे आपण सर्व जाणतोच. त्या बँकेसाठी मी शून्य आणि ओ यांसारखी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे टाळण्याचा पर्याय निवडून पासवर्ड तयार करते आणि तो फोनवर पाहून हाताने टाइप करते.

बिटवॉर्डनबद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. आपल्या पश्चात किंवा आजारपणात विश्वासातल्या माणसाला तिजोरी उघडता यावी, ही सोय केवळ सशुल्क आवृत्तीत आहे. मास्टर पासवर्ड विसरल्यास कंपनीसुद्धा आपली माहिती उघडून देऊ शकत नाही, हे लक्षात घेता ही सोय प्रत्येकाला मोफत मिळायला हवी होती. पैसे न भरणाऱ्या आईसाठी आम्ही मास्टर पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे साधन हाताशी नसल्यास लागणारा रिकव्हरी कोड कागदावर लिहून पाकिटात बंद केला, आणि ते पाकीट कपाटात मुदत ठेवींच्या पावत्यांसोबत ठेवले. ते कोठे आहे हे आईखेरीज फक्त मला माहीत आहे.