‘किट’ म्हणजे नेमकं काय? अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि आमची बंद पडलेली गाडी

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. गाडीच्या कंपनीचंही लिहीत नाही. एवढंच सांगते की गाडी २०१६ ची डिझेल हॅचबॅक, पहिल्यापासून आमच्याच हातात, आणि जानेवारी २०२५ पर्यंत तिची एकही सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरच्या बाहेर झालेली नव्हती. त्या सेंटरला मी ५ पैकी १ देते. तो १ सुद्धा त्यांच्या वॉशिंगवाल्या पोराचा, सीटखालचे शेंगदाण्याचे टरफलदेखील तो काढायचा.

आमचं कराडला मेडिकल आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या भांडणात मला जे सुचलं ते दुकानातल्या सवयीमुळे. बिल, बॅच नंबर, तारीख, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय मी एक पट्टी काउंटरवर ठेवत नाही.

नोव्हेंबर २०२३, दिवाळी झाल्यावरची गोष्ट. गाडी ८२,००० किलोमीटरला आली होती. सेंटरमधून फोन, टायमिंग बेल्ट बदलायला हवा. बरोबरच होतं, पुस्तकातही तेच लिहिलंय. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या खालच्या क्रँकला, व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) उघडणाऱ्या वरच्या कॅमशी बांधून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. हा ठेका चुकला तर उघड्या व्हॉल्व्हवर खालून पिस्टन येऊन आपटतो. डिझेलमध्ये दोघांत जागाच इतकी कमी की आपटला की व्हॉल्व्ह वाकलाच. म्हणून हा पट्टा तुटायची वाट बघत नाहीत, आधीच बदलतात. आणि एकटा पट्टा बदलून भागत नाही, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि फिरती पुलीही त्याच वेळी बदलायची असते, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच लागते. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मी फोनवर एवढंच विचारलं, “पूर्ण बदलणार ना?” अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “हो मॅडम, कम्प्लीट किट.” बिल आलं १८,४०० चं. त्यात ओळ होती: ‘किट, टायमिंग बेल्ट, १ नग’. मी बिल फाइलला लावलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार. पुण्याला लेकीच्या होस्टेलवर तिळाच्या वड्या पोचवून परत येत होतो. साडेआठ वाजले असतील. शिरवळ, खंडाळा मागे टाकून खंबाटकी चढायला लागलो. पुण्याकडून येताना तेव्हा बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा. पुढे उसाचा ट्रक, तो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होता. आमच्या ह्यांनी ओव्हरटेकला जोर दिला आणि बॉनेटखालून ‘खट्’ असा एकच आवाज आला. काठी मोडल्यासारखा. धूर नाही, काही नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि इंजिन गप्प.

बंद इंजिनावर गाडी काय असते ते चढावर कळतं. स्टिअरिंग जड. ब्रेक पहिल्यांदा दाबला तेव्हा लागला, दुसऱ्यांदा घट्ट, तिसऱ्यांदा पायाखाली दगड ठेवल्यासारखा. गाडी मागे सरकायला लागली आणि मागे एसटी. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून हे ओरडले, “उतर, दगड लाव!” मी साडी सावरत उतरले, कठड्याजवळचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. एसटीचा कंडक्टर खाली उतरून दुसरा घेऊन आला. त्याला माझे ५ पैकी ५.

मग जे करायला नको होतं ते आम्ही केलं. ह्यांनी सेल्फ मारला. एकदा नाही, तीनदा. एरवी आमचा सेल्फ घरघर करत, जोर लावत फिरतो. त्या दिवशी तो सुळसुळ फिरला, रिकामी चरखी फिरावी तसा. त्याला अडवायला आत दाबच उरला नव्हता. असा हलका आवाज आला की किल्ली काढून खिशात ठेवावी. हे मला पुढे मिस्त्रीने सांगितलं, आणि हा दोष आमचा, तो मी लपवत नाही.

१०३३ ला फोन लावला. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक, पाठ करून ठेवा. अर्ध्या तासात गस्तीची गाडी आली, त्यांनी शंकू लावले आणि बाजूला ढकलायला मदत केली. पुढे खासगी क्रेन, ४,५०० रुपये, भावात घासाघीस करायच्या मनःस्थितीत आपण नसतो हे क्रेनवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सेंटर. तोच अ‍ॅडव्हायझर. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर तो ह्यांना द्यायचा. “सर, इंजिन उघडावं लागेल. उघडायचे ८,५०० होतील, काम इथेच केलं तर बिलात वळते करू.” जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद असलेला कागद, पुढे सरकवला. मी सही करण्याआधी खाली मोकळ्या जागेत पेनाने लिहिलं: ‘उघडताना ग्राहक हजर राहील. काढलेले सर्व जुने भाग ग्राहकास परत द्यावेत.’ तो म्हणाला, “मॅडम, असं लिहायची गरज नसते.” मी म्हटलं, “नसते तर राहू दे की.”

या सगळ्या अनुभवातली खरी कामाची गोष्ट ती एक ओळ.

बुधवारी उघडलं. कव्हर निघाल्यावर पट्टा दिसला, तुटलेला नव्हताच. वितभर भागातले दात साफ सोललेले आणि एक कड वितळून चकचकीत झालेली. अ‍ॅडव्हायझरने लगेच निदान केलं, “डिझेल भेसळीचं असणार. हल्ली खूप केसेस येतात.” भेसळीच्या डिझेलने पट्ट्याचे दात कसे सोलतात हे मी विचारलं, तर तो फोन घ्यायला बाहेर गेला. पट्ट्याच्या वाटेवरचा टेन्शनर ट्रेमध्ये पडला होता. बोटाने फिरवला तर फिरेना. बेअरिंग जाम, कडेला निळसर करपलेला रंग. चालत्या पट्ट्याला न फिरणारी पुली मिळाली की तो तिच्यावर घासत तापणार, आणि घाटात जोर लागला की दात सोडणार. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

तिथल्या पोराकडून डिझेलमध्ये भिजवलेलं बोळं घेतलं, टेन्शनर पुसला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. सरळ धरला तर कोरलेली अक्षरं दिसत नाहीत, इंजेक्शनच्या बाटलीवरची एक्स्पायरीही आम्ही अशीच वाचतो. भाग क्रमांक, त्याखाली कारखान्याचा शिक्का आणि त्यात वर्ष: १५. गाडी २०१६ ची. म्हणजे गाडीबरोबर आलेला मूळ टेन्शनर. २०२३ साली ‘कम्प्लीट किट’ बदललं म्हणून ज्यांनी पैसे घेतले, त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

मॅनेजरला बोलावलं. माणूस गोड बोलायचा. पहिलं उत्तर: आमच्या सिस्टिममध्ये ‘किट’ असं नाव असलं तरी तो पार्ट म्हणजे फक्त बेल्ट. दुसरं, दहा मिनिटांनी: टेन्शनर तपासला होता, चांगला होता म्हणून ठेवला. मी म्हटलं, तपासल्याचं जॉब कार्डवर दाखवा. तिसरं उत्तर दोन दिवसांनी ई-मेलने आलं: टेन्शनर हा स्वतंत्र भाग आहे, त्याचा आमच्या कामाशी संबंध नाही. शिवाय केलेल्या कामाची वॉरंटी ६ महिने किंवा १०,००० किलोमीटर, तुमची गाडी त्यानंतर १९,००० चालली आहे. शिवाय तुम्ही बंद इंजिनावर तीनदा सेल्फ मारला. एकाच वस्तूबद्दल तीन उत्तरं, आणि तिसऱ्यात दुसरं खोटं पडतं याची त्यांना फिकीर नव्हती. वॉरंटी बदललेल्या भागाची असते. माझी तक्रार न बदललेल्या भागाची होती. हे मी चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं, चारही वेळा तोच मजकूर परत आला.

एस्टिमेट होतं १,४२,०००. हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) असेंब्लीच नवीन, त्यांच्याकडे हेड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. इन्शुरन्सचं विचाराल तर आमची पॉलिसी ‘फुल’ होती, वर इंजिनाचं जादा संरक्षणही घेतलेलं. पण यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही आणि ते जादा संरक्षण मुख्यतः पाणी शिरलं किंवा ऑइल गळून इंजिन गेलं यासाठी असतं. एजंटाने हप्ता घेताना हे सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

शेवटी मॅनेजरने ‘गुडविल’ काढलं. पार्टवर ३० टक्के सूट, पण ‘माझी काही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही करायची. नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून रोजचे ३०० रुपये पार्किंग सुरू. मी इन्शुरन्सची कामं करणाऱ्या एका परवानाधारक सर्व्हेअरला ५,००० देऊन बोलावलं. त्याने तिथेच फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि दोन पानी रिपोर्ट दिला. हा खर्च डोळे झाकून करावा, कारण गाडी एकदा दुरुस्त झाली की पुरावा नटबोल्टमध्ये गडप होतो, आणि निकाल लागेपर्यंत इंजिन उघडं ठेवून बसणं आपल्याला परवडत नाही. ८,५०० भरले, जॉब कार्डच्या त्या ओळीवर बोट ठेवून पट्टा आणि टेन्शनर मागून घेतला, औषधाच्या खाकी पिशवीत घातला, वर तारीख टाकली आणि त्यांच्याच स्टोअरकीपरची सही घेतली. गाडी दुसऱ्या क्रेनवर कराडला आणली.

आयोगाकडची तक्रार मी जूनमध्ये दाखल केली. जिथे गाडी दुरुस्त झाली तिथेच जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तू किंवा सेवेला मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. वकील सक्तीचा नाही, मी दिला नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिथून सेंटरला विचारणा गेली आणि त्यांनी तोच ई-मेल चिकटवून पाठवला.

आता कराडच्या मिस्त्रीविषयी. पत्र्याची शेड, दारात गुडघाभर टायर, बसायला ट्रॅक्टरची सीट. मी खाकी पिशवी उघडून टेन्शनर दाखवला. त्याने फिरवून बघितला, कानाशी धरला आणि म्हणाला, “वैनी, पट्ट्याला कशाला शिव्या देताय? ह्यो गडी आधी मेलाय, पट्टा त्याच्यापायी गेला.” हेड उतरवलं. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर नखाएवढ्या अर्धगोल खुणा, पण पिस्टन शाबूत. हेड कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवलं. तिथे प्रेशर टेस्ट, नवे गाइड (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नळ्या), आठही व्हॉल्व्ह, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं). हेड गॅस्केट आणि बोल्ट नवीन. पट्टा, टेन्शनर, पुली आणि वॉटर पंप मी स्वतः डीलरकडून आणले, प्रत्येक खोक्यावरचा भाग क्रमांक वहीत उतरवून. जुन्याशेजारी नवा ठेवून त्याने मला फोटो काढायला लावला. सगळे मिळून ६३,२०० रुपये, हाताने लिहिलेल्या बिलावर, पण प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत. त्यानंतर गाडी ७,००० किलोमीटर चालली आहे, खंबाटकी चार वेळा चढली.

मिस्त्रीला ५ पैकी ४. एक कापला कारण ‘शुक्रवारी देतो’ म्हणालेला शुक्रवार नेमका कुठला ते विचारायचं राहिलं, गाडी नऊ दिवस उशिरा मिळाली. आणि इंजिनाखालच्या प्लास्टिक कव्हरची एक क्लिप त्याने हरवली आहे. गाडी चाळीसच्या वर गेली की खडखड ऐकू येते, आणि हे दर वेळी विचारतात, “काय गं, परत काही तुटलं का?”