डेप-हर्ड खटला लाइव्ह: एकदा चॅटसकट बघितला, एकदा चॅट बंद करून

आधीच सांगते, हा पिक्चरचा रिव्ह्यू नाही आणि सिरीजचापण नाही. कोर्टाच्या लाइव्ह प्रक्षेपणाचा आहे. हसू नका, सहा आठवडे मी ते एखाद्या डेली सोपसारखं बघितलंय आणि आता परत एकदा रेकॉर्डिंग काढून बघितलं, त्यामुळे मला रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं मी समजते.

तर २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची आधीची बायको, नटी अँबर हर्ड यांचा मानहानीचा खटला चालला. ११ एप्रिलला सुरू, १ जूनला निकाल. तिने डिसेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिलेला, त्यात याचं नावसुद्धा नव्हतं, पण स्वतःला घरगुती हिंसेशी जोडलेली व्यक्ती म्हटलेलं, त्यावरून याने ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि तिने उलट १० कोटींचा. दोघांपैकी एकही व्हर्जिनियात राहत नाही हां, पण पेपरचा छापखाना आणि सर्व्हर तिथे म्हणून केस तिथे.

न्यायाधीश पेनी अझकराटे यांनी कॅमेरे लावायला परवानगी दिली, हर्डच्या वकिलांचा विरोध होता तरी. मग काय, कोर्टातलं जवळजवळ सगळंच यूट्यूबवर फुकट. तिकडे सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, एकदम प्राइम टाइम. इकडे कुकर लावायचा, तिकडे साक्ष सुरू. सासूबाईंच्या मालिकेची वेळ तीच, त्यामुळे टीव्ही त्यांच्याकडे आणि मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून माझ्याकडे. तिसऱ्या दिवसापासून त्यांची मालिका म्यूटवर गेली, मोबाइल त्यांच्याच मांडीवर आणि मला वरून ऑर्डर, "अगं चष्मा दे माझा, हा टोपीवाला काय म्हणतोय कळत नाही." (तो कोर्टात टोपी घालायचा नाही पण त्यांच्यासाठी तो कायमचा टोपीवाला.)

सेवेबद्दल बोलायचं तर टेक्निकली एक नंबर. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट, साक्षीदार, वकील, दोन्ही टेबलं सगळं दिसतं. वकील न्यायाधीशांजवळ जाऊन कुजबुजायला लागले की आपल्याला ऐकू येत नाही, ते बरोबरच आहे, पण तेवढ्या वेळात कॅमेरा या दोघांवर जातो आणि माणूस नुसता पाणी पिताना पाच मिनिटं बघत बसतो आपण, आणि त्यावरही हजार कमेंटी येतात. शिकायलापण मिळतं खरंच. ऐकीव पुरावा म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नव्हतं ते इथे कळलं, कारण दर दोन मिनिटाला कोणीतरी "ऑब्जेक्शन, हिअरसे" म्हणून उठतंय. एकदा तर हर्डच्या वकिलाने स्वतःच विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर ऑब्जेक्शन घेतलं आणि न्यायाधीश म्हणाल्या, प्रश्न तर तुम्हीच विचारलात. आम्ही दोघी इतक्या हसलो की भाजी लागली खाली.

आता खरी गोष्ट. हे प्रक्षेपण एकटं येत नाही, सोबत चॅट येतं. फ्रीजवर मिक्सर फ्री मिळावा तसं. मी ज्या चॅनेलवर बघत होते (नाव नाही लिहीत, सगळीकडे तेच होतं) तिथे स्क्रीनच्या बाजूला कमेंटींचा धबधबा, इतका वेगात की वाचता येत नाही, पण मूड बरोबर कळतो. आणि मूड एकच. ती रडली की खोटी, नाही रडली की दगड, ज्युरीकडे (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांकडे) बघून बोलली की नाटक, नाही बघितलं की चोर. तो हसला की गोड, गप्प बसला की बिचारा. पैसे भरून स्वतःची कमेंट रंगीत चौकटीत वर टांगायची सोय होती, आणि निवेदक सुट्टीच्या वेळात त्या कमेंटी वाचून दाखवून थँक्यू म्हणायचे. म्हणजे एका बाईच्या अंगावरच्या वळांबद्दल साक्ष चालू आहे आणि खाली कोणीतरी पैसे देऊन जोक टाकलाय, आणि निवेदक नाव घेऊन आभार मानतोय. तेव्हा मला हे विचित्र वाटलं का? नाही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पण हसणाऱ्या स्मायल्या टाकल्या आहेत. आठ-दहा तरी असतील.

टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद, तरी क्लिपा येतच होत्या, रील्समधून, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर, त्याच ग्रुपवर जिथे सकाळी सुविचार येतात. डेपच्या बाजूच्या हॅशटॅगला अब्जावधी व्ह्यूज आणि तिच्या बाजूच्याला त्यापुढे चिल्लर. तिच्या वकीलबाईंनी सुरुवातीच्या भाषणात मेकअपची एक पॅलेट हातात धरून सांगितलं की जखमा लपवायला ती असं काहीतरी वापरायची, तर त्या मेकअप कंपनीने स्वतः व्हिडिओ काढला की आमचं हे प्रॉडक्ट २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलं, म्हणजे यांचा घटस्फोट होऊन गेल्यावर. मेकअप कंपनी, साक्षीदार नाही काही नाही, घरबसल्या उलटतपासणी करून मोकळी. कोर्टाबाहेर लोक आत शिरायचे पट्टे मिळावेत म्हणून रात्रीपासून रांगेत, लोकांसाठी जागा १००. कोणीतरी अल्पाका घेऊन आलेलं. ते दक्षिण अमेरिकेतलं लोकरवालं जनावर असतं ना ते. सासूबाई म्हणाल्या, "जत्राच की गं ही, फक्त पाळणा राहिला."

आता परत का बघितलं. गेल्या महिन्यात पाय मुरगळला, घरी बसून होते, रेकॉर्डिंग सापडलं, आणि यावेळी फुल स्क्रीन केलं म्हणजे चॅट गायब. आणि काय सांगू, वेगळाच खटला निघाला.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे "मेगा पिंट". आठवतं ना? हर्डचा वकील विचारतो, तुम्ही वाइनचा मेगा पिंट (म्हणजे मोठ्ठा ग्लास) ओतून घेतलात, आणि डेप भुवया उडवून म्हणतो, मेगा पिंट? लोक हसले, मीम झाले, टीशर्ट छापले. माझ्या डोक्यात त्या दिवसाचं तेवढंच राहिलेलं. यावेळी पुढचं-मागचं सलग बघितलं, तर तो प्रश्न एका व्हिडिओबद्दल होता जो हर्डने स्वयंपाकघरात गुपचूप काढलेला, त्यात हा माणूस कपाटांची दारं धाडधाड आपटतोय, शिव्या देतोय आणि मग ती वाइन ओततोय. व्हिडिओ कोर्टात दाखवला होता. मी लाइव्ह बघितला होता! आणि मला आठवत नव्हता, जोक आठवत होता.

उलट बाजूनेपण तसंच आहे, म्हणून मी लगेच पार्टी बदलली असं समजू नका. एका ऑडिओत ती स्वतः म्हणते की मी तुला मारत होते, ठोसा नव्हता मारला. चॅटमध्ये त्यावर नुसते नाचणारे इमोजी. चॅट बंद करून ते रेकॉर्डिंग ऐकवत नाही हो, दोन माणसं एका खोलीत एकमेकांना सोलून काढतायत असं वाटतं. घटस्फोटात मिळालेले ७० लाख डॉलर दान करण्याचा मुद्दा, तिथे ती म्हणते की प्लेज (देईन असं वचन) आणि डोनेट (देऊन टाकणं) मी एकाच अर्थाने वापरते, ते उत्तर मात्र चॅट बंद करूनही तितकंच लंगडं वाटलं. आणि त्याने मित्राला पाठवलेले मेसेज, तिला जाळण्या-बुडवण्याच्या गप्पा, ते कोर्टात वाचून दाखवले तेव्हा बहुतेक मी पोळ्या करत होते.

एक गोष्ट मला तेव्हा माहीतच नव्हती. त्या ७ ज्युरींना हॉटेलात वगैरे कोंडून ठेवलं नव्हतं, रोज आपापल्या घरी जायचे. सूचना होती की काही वाचू नका, बघू नका. वर मे महिन्यात मध्येच साधारण दहा दिवसांची सुट्टी, ती पण हर्डची साक्ष अर्धवट असताना. त्यांनी बघितलं असं मी म्हणत नाहीये, शप्पथ. पण माझ्या फॅमिली ग्रुपवर, जिथे कोणाला फेअरफॅक्स कुठे आहे माहीत नाही, तिथे रोज चार क्लिपा येत होत्या, आणि ते तर त्याच गावात.

निकाल आपल्याकडे रात्री साडेबाराला लागला. आधी ज्युरींनी भरपाईचे आकडेच भरले नव्हते, न्यायाधीशांनी परत आत पाठवलं, आणि आम्ही सासू-सुना चहा ठेवून बसलो. तिची तिन्ही विधानं बदनामीची ठरली, त्याला १ कोटी डॉलर भरपाई आणि वर ५० लाख दंडात्मक, त्यातले दंडात्मक राज्याच्या मर्यादेमुळे साडेतीन लाखांवर आले. आणि तिलाही २० लाख, कारण डेपच्या एका वकिलाने तिचे आरोप म्हणजे बनाव असं जे म्हटलेलं त्यातलं एक विधान ज्युरीने बदनामीकारक धरलं. हा दुसरा भाग चॅटमध्ये कोणी ऐकलाच नाही. आतषबाजी चालू होती. शेवटी डिसेंबरात तडजोड, १० लाखांवर मिटलं.

याच सेवेची तुलना करायची तर लंडनशी करा. तिथे डेपने सन पेपरवर केस केलेली, त्याला बायकोला मारणारा म्हटलं म्हणून. जुलै २०२० मध्ये सुनावणी, कॅमेरा नाही, ज्युरी नाही, एकटे न्यायाधीश. नोव्हेंबरमध्ये निकाल, डेप हरला, पेपरने लिहिलेलं बऱ्याच अंशी खरं आहे असं न्यायाधीश म्हणाले, १४ पैकी १२ घटना सिद्ध धरल्या, आणि प्रत्येकीबद्दल का ते लिहिलं. ते निकालपत्र नेटवर फुकट आहे. मी उघडलं, कंटाळवाणं आहे, मेगा पिंट वगैरे काही नाही, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे. व्हर्जिनियात सहा आठवड्यांचा व्हिडिओ आणि शेवटी फॉर्मवर हो की नाही, कारण शून्य. लंडनचा निकाल किती जणांनी फॉरवर्ड केला? मला तरी एकही आला नाही.

निकालानंतर चाहत्यांनी पैसे गोळा करून कोर्टाचे हजारो पानांचे बंद कागद उघडून घेतले, हिची आणखी लक्तरं निघतील म्हणून, तर त्यात त्याचीही निघाली. याला म्हणतात हौस.

लोक बदललेत, पूर्वी असं नव्हतं, असं नवरा म्हणाला. त्याला म्हटलं, १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला आठव, नौदलातल्या नानावटीने बायकोच्या टॉवेल गुंडाळलेल्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो. तेव्हा मोबाइल नव्हते तरी ब्लिट्झ साप्ताहिकाने बाजू घेतली होती, रस्त्यावर खेळण्यातली रिव्हॉल्व्हरं आणि टॉवेल विकले गेले, आणि ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं. टीशर्टच्या जागी टॉवेल, एवढाच फरक. आपल्याकडे आता नवरा-बायकोच्या केसेस कोणी एकाने मागणी केली की बंद दाराआड चालतात, आणि कोर्टांच्या लाइव्हच्या आदर्श नियमांत अशा केसेस वगळल्यात, त्याबद्दल मी आधी नाक मुरडायचे की लपवतात काय म्हणून. आता नाही मुरडत.

रेटिंग. चित्र-आवाज पाच पैकी पाच. फुकट असल्याचा अर्धा स्टार कापते कारण फुकट अजिबात नव्हतं, माझे सहा आठवडे गेले. चॅटला एक, तोही त्या एका माणसासाठी जो रोज येऊन विचारायचा की जेवणाची सुट्टी किती वाजता संपते. क्लिपा बघून मत बनवणार असाल तर नका बघू, त्यापेक्षा मालिका बघा, तिथे कोण व्हिलन ते संगीतावरून तरी कळतं. बघायचंच असेल तर फुल स्क्रीन करून बघा आणि उलटतपासणी सोडू नका, दोन्ही बाजूंची.

परवा हे लिहीत होते तर सासूबाई डोकावल्या. त्यांचं कधीच बाकी कशात लक्ष नव्हतं, त्यांना फक्त ऑस्ट्रेलियात त्याच्या बोटाचं टोक तुटलं त्यात रस होता. तो म्हणतो तिने फेकलेल्या वोडकाच्या बाटलीने, ती म्हणते मी नाही, त्याचं त्यानेच करून घेतलं. त्यावर किती डॉक्टर आले, किती फोटो आले, नकाशे काढायचेच बाकी होते.

"काय गं, मग ते बोट कोणी तोडलं हे ठरलं का शेवटी?"

म्हटलं, "नाही आई, ज्युरीच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता."

"मग आपण सहा आठवडे काय बघितलं?" म्हणाल्या, आणि मालिकेचा आवाज वाढवला.